लालबर्राहून कोण कुठे जातं?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या लालबर्राचा माणूस कलेक्टर कचेरीच्या कामाला बालाघाटला जातो, हावडा-मुंबई मार्गावरची गाडी धरायला गोंदियाला, हायकोर्टाच्या तारखेला जबलपूरला आणि आजार हाताबाहेर गेला की नागपूरला. या जाण्यायेण्याचा हिशेब मांडणं हे प्रवास-वाटपाच्या अभ्यासाचं काम. त्यासाठी प्रदेशाचे झोन पाडतात, कुठून किती निघतात आणि कुठे किती पोचतात ते पाहणीतून काढतात, आणि मग कोणत्या झोनातून कोणत्या झोनात किती, हा तक्ता भरतात. रस्ता किती रुंद हवा आणि बस किती लागतील, हे त्यानंतर ठरतं.

तक्ता भरायची रूढ रीत गुरुत्वाकर्षणाच्या नियमावर बेतलेली आहे. समजा शंभर जण निघाले, दोन गावांची ओढ सारखीच, पण एक गाव दुप्पट लांब. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते हा नियम लावला तर जवळच्या गावी 80 जातील, लांबच्या गावी 20. रायली या अभ्यासकाने 1931 मध्ये बाजारपेठांबाबत असाच नियम मांडला. पुढे 1967 मध्ये ॲलन विल्सनने दाखवलं, की न्यूटनचा आधार न घेता निव्वळ संभाव्यतेच्या गणितातूनही याच घडणीचं सूत्र निघतं. या विषयातला इतका देखणा युक्तिवाद मला दुसरा ठाऊक नाही.

लालबर्रासारख्या महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या गावी मात्र नुसत्या अंतरावर भागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत इथली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, आणि सरकारी कामाची वाट भोपाळकडे वळली. दवाखाना, व्यापार, सोयरिक यांची ओढ नागपूर-गोंदियाकडे कायम राहिली. म्हणून कामागणिक तक्ता वेगळा लागतो. राज्याच्या हद्दीवर नकाशा संपवून पलीकडचं सगळं ‘बाहेरचा झोन’ या एकाच रकान्यात घातलं, की गोंदियाची गाडी आणि नागपूरचा दवाखाना एकाच आकड्यात बुडतात. अशा तक्त्यावर आखलेली बससेवा रुग्णाच्या उपयोगी पडणार नाही.

पाहणीचा महिनाही जपून निवडावा. हा धानाचा मुलूख आहे. रोवणीच्या दिवसांत माणसं बांधीत असतात, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांना गावोगाव फिरतात. दोन्ही वेळचे आकडे जुळणार नाहीत, आणि दोन्ही खरेच असतील.

नव्या अभ्यासकाने सूत्रांकडे वळण्याआधी आपल्याच गावाचा तक्ता पेन्सिलीने मांडावा: ओळीत निघण्याची ठिकाणं, स्तंभात पोचण्याची, आणि प्रत्येक कामासाठी कागद वेगळा.