कुष्ठ : नाम, व्यापार आणि मूलस्थान

अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील चौथे सूक्त कुष्ठ या वनस्पतीला उद्देशून आहे. तक्मन् म्हणजे ज्वर याचा नाश करणारी ही वनस्पती पर्वतावर, हिमवंताच्या प्रदेशात जन्मते व पूर्वेकडील लोकांकडे नेली जाते, असे त्यात म्हटले आहे. औषधाच्या गुणाबरोबर त्याचे मूलस्थान आणि व्यापाराची दिशाही सूक्तकर्त्यास ठाऊक होती. पुढे नेमके हेच ज्ञान लोपले.

शब्द मात्र दूरवर गेला. ग्रीक 'कोस्तोस', लॅटिन 'कोस्टुस' व अरबी 'कुस्त' ही रूपे संस्कृत 'कुष्ठ' शब्दाशीच जाऊन भिडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात सिंधूच्या मुखावरील बार्बरिकोन आणि भडोच या बंदरांतून कोस्तोस परदेशी जात असल्याची नोंद आहे. काश्मीरात 'कुठ' हे प्राकृत परंपरेतील रूप टिकले. मराठीत मात्र 'कोड' हा तद्भव शब्द त्याच नावाच्या रोगाकडे गेला आणि मुळाला पेठेत 'उपलेट' म्हणू लागले.

गार्सिया दा ओर्ता याच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या संवादग्रंथात कोस्तावर स्वतंत्र संवाद आहे. अरबी, गुजराती व मलायी नावे त्याने साक्षेपाने नोंदविली. वनस्पतीची भूमी मात्र मांडू-चितोडकडची सांगितली. यात त्याचा दोष थोडा. गोव्याच्या पेठेत वाळलेले मूळ येई, झाड येत नसे. प्राचीनांचा कोस्तोस तो हाच, हे काश्मीरातील वनस्पतीवरून प्रतिपादणारा फॉकनरचा निबंध एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात प्रसिद्ध झाला.

सॉसुरिया कॉस्टस ही वनस्पती पश्चिम हिमालयात सुमारे २५०० ते ४००० मीटर उंचीवर, ओलसर उतारांवर वाढते. मूळ खणले की झाड संपते. बी धरण्यापूर्वी खणले तर पुढची पिढीही. चीनमधील धूपाची मागणी मोठी, म्हणून काश्मीर संस्थानाने या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता. त्यानेही चोरटी खणती थांबली नाही. विसाव्या शतकात लाहौलमध्ये कुठाची शेती रुजली, पण रानातील वनस्पती घटतच गेली. १९७५ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात व १९८५ साली पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. त्यामुळे रानातील मुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरला. लागवडीतील मूळ परवान्यावर जाऊ शकते. अडचण अशी की वाळून पोत्यात भरल्यावर शेतातले मूळ कोणते आणि रानातले कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. आणि परवाना देणाऱ्याला आधी ठरवावे लागते ते त्याचे मूलस्थानच.