मामल्याने आधी सांगितले होते

१९९४ चा प्लेग म्हटला की सुरत आठवते: तोंडाला फडकी बांधून रेल्वे स्टेशनावर लोटलेली माणसे, दोन-चार दिवसांत शहर सोडून गेलेले लाखो लोक, परदेशांनी थांबवलेली विमाने. पण त्या साथीची पहिली नोंद सुरतेची नाही. ती बीड जिल्ह्यातल्या मामला या लहानशा गावाची आहे.

५ ऑगस्ट १९९४ रोजी मामल्यात पिसवांचा उपद्रव झाल्याची नोंद झाली. उंदीरही मरून पडत होते. २६ ऑगस्टला गाठीच्या प्लेगचा पहिला संशयित रुग्ण नोंदला गेला. या साथीच्या इतिहासात सगळ्यात मोलाचे आहेत ते हे मधले तीन आठवडे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी पडतात आणि माणसाकडे वळतात. म्हणून आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, हा प्लेगच्या बंदोबस्तातला जुना नियम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या माणसांना पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालायच्या, एवढे त्यांना पक्के माहीत होते.

१९९४ पर्यंत ही जाण हरवली होती. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंदच नव्हती. रोग गेला असे समजून उंदीर-पिसवांवरची पाळत ढिली पडली.

त्यातच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्यात किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या घरात निजायची धास्ती बसली. अनेक गावांत लोक शेडमध्ये, शेतात राहू लागले. धान्य मात्र जुन्या, ओस घरांत राहिले. त्या धान्यावर उंदीर पोसले आणि रानातल्या उंदरांचा रोग घरच्या उंदरांपर्यंत पोचला, असे कारण तेव्हा अनेक तज्ज्ञांनी मांडले. एका आपत्तीतून दुसरी कशी उगवते, याचे मराठवाड्याला याहून जवळचे उदाहरण नाही.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशात ६९३ संशयित रुग्ण आणि ५६ मृत्यू नोंदले गेले. रुग्णांपैकी ४८८ महाराष्ट्रातले होते. हा प्लेग होता की दुसरेच काही, यावर पुढे बराच वाद झाला. नंतरच्या जनुकीय तपासण्यांनी प्लेगचाच निर्वाळा दिला.

सुरतेला या साथीने बदलले. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी तिथली सफाई अशी लावली की शहराचा लौकिकच पालटला. देशपातळीवर १९९७ मध्ये साथरोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. कोरोनाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतले रुग्ण मोजणारी यंत्रणा हीच. तिच्या जन्मकथेत मामल्याचे नाव ठळक असायला हवे होते. ते तसे नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

२०२० मध्ये जुन्या प्लेगची आणखी एक खूण वर आली. मुंबईतल्या प्लेगमुळे इंग्रजांनी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदाच राज्याने कोरोनासाठी वापरला. टाळेबंदी लागली तेव्हा बीडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर, फडावरच्या कोप्यांत म्हणजे झोपड्यांत अडकल्या. १७ एप्रिलला सरकारने परतीची परवानगी दिली, तेव्हा राज्यातल्या अशा कामगारांचा आकडा १ लाख ३१ हजार सांगितला गेला. गावी आल्यावर कित्येकांना जुन्या प्लेगच्या काळासारखे पुन्हा शेतात किंवा शाळेत वेगळे राहावे लागले.

या माणसांच्या आरोग्याची मोजणी नेहमीच उशिरा होते. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ जणींची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. वर्षानुवर्षे चाललेली ही गोष्ट कुठल्याही साथीच्या तक्त्यात बसत नव्हती.

दसऱ्यानंतर ऊसतोड टोळ्या निघतात आणि अर्धे गाव सहा महिने ओस पडते. उंदीर पडल्याचे, ताप वाढल्याचे, पोरांची लस चुकल्याचे सांगणारी माणसेच तेव्हा गावात नसतात. म्हणून आरोग्याची नोंदवही टोळीबरोबर फडावर गेली पाहिजे आणि तिथल्या कोपीतून आलेली खबर त्याच दिवशी तालुक्याला पोचली पाहिजे. कारखाने, टोळ्यांचे मुकादम आणि आरोग्य खाते यांनी येत्या हंगामाआधी एवढे तरी करावे.