ट्राक पोटॅशियम मार्गिकेची स्फटिकरचना

मानवी चेतापेशींच्या पटलातील ट्राक या पोटॅशियम मार्गिका-प्रथिनाची रचना रॉडरिक मॅकिनन व सहकाऱ्यांनी क्ष-किरण विवर्तनाने ३·८ अँगस्ट्रॉम सूक्ष्मतेपर्यंत उलगडून २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. इतर बहुतेक पोटॅशियम मार्गिका चार उपघटकांच्या जुळणीतून सिद्ध होतात. येथे मात्र प्रत्येकी दोन रंध्रखंड धारण करणारे दोनच उपघटक तेच काम निभावतात, आणि पटलाबाहेर रंध्रमुखावर सर्पिल दंडांची टोपी असल्यामुळे आयनांना समोरून मज्जाव होऊन बाजूच्या दोन वाटांनी ये-जा करावी लागते. रंध्रातील आयन निवडणाऱ्या गाळणीतील ऑक्सिजन अणू आयनाच्या जलवेष्टनाची जागा इतक्या नेमकेपणाने घेतात की, पोटॅशियमला मुभा आणि आकाराने लहान असूनही सोडियमला मनाई, असा जकातनाक्यावरचा उफराटा न्याय तेथे चालतो. पटलावर ताण पडला, म्हणजे ही मार्गिका अधिक उघडते.