हजार विड्यांचा हिशेब

मजुरी ठरवायची वेळ आली की आपला आवाज खाली येतो. “द्या काय द्यायचं ते,” असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण आपल्याआधीच्या कष्टकरी बायकांनी हे बोलणं कसं केलं, ते आज आपण पाहू.

आपल्या नाशिक-सिन्नर भागात विडीचं काम जुनं. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीने मापात कापायची, तंबाखू भरून वळायची आणि दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. ऐकायला हिशेब सोपा, पण खरी मेख दरात नव्हती. पानं कमी किंवा फाटकी आली, तर हजार भरायला बाईने पदरची पानं आणायची. वळून दिलेल्या विड्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जायच्या, आणि त्यांची मजुरी मिळत नसे. म्हणजे दर तोच राहायचा, हातात येणारे पैसे मात्र घटायचे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात विडीकाम सुरुवातीपासून होतं. तरी घरी विड्या वळणारी बाई कामगार आहे हेच मालक मानत नसत. मधे ठेकेदार असायचा, त्यामुळे मालक कोण हेही ठरत नसे. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात घरी काम करणारी बाईही कामगार ठरली. पानं किती द्यायची आणि छाट किती काढायची, यावरच्या तंट्याचीही त्यात सोय झाली. मागणी नुसती “दर वाढवा” एवढीच राहिली असती, तर ही गळती तशीच चालू राहिली असती.

दुसरी गोष्ट शेजारच्या ठाणे जिल्ह्यातली, १९४५ सालची. डहाणू-उंबरगाव भागातल्या वारली बाया-पुरुषांनी गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीने एकच आकडा धरला: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. पाऊस संपला की गवत वेळेत कापावंच लागतं, हे मालकालाही ठाऊक होतं. म्हणून संप त्याच वेळी झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं गेली. तरी पुढच्या वर्षी तोच आकडा घेऊन लोक पुन्हा उभे राहिले.

तिसरी गोष्ट दुष्काळातली. १९७२ च्या दुष्काळात लाखो बाया खडी फोडायला आणि माती उपसायला गेल्या. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिथे मजुरी कामाच्या मापावर, आणि बाई-पुरुषाला दर एकच. त्याआधी १९७६ साली समान वेतनाचा कायदाही झाला होता. पण खड्ड्याचं माप कोण घेतं आणि हजेरीपटावर काय लिहितं, त्यावरच हातात पडणारी रक्कम ठरायची. जिथे मजुरांनी टेप धरून माप पाहिलं, तिथे बोलायला आधार मिळाला.

आज पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या निफाड-दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला जातात. काम बहुतेक एकरावर, उक्तं. तिथेही हाच हिशेब लागू पडतो. एक एकर विरळणीला किती बायका, किती दिवस लागतात, ते आधी मोजायचं. जाण्यायेण्याचा खर्च, राहण्याची सोय, उचल आणि तिची कपात हे सगळं काम धरण्याआधी बोलायचं. आकडा गटाने ठरवायचा आणि सगळ्यांनी तोच सांगायचा. घड विरळायचे दिवस थोडेच असतात, तेव्हा बागाईतदारालाही आपली गरज असते.

येत्या बैठकीत प्रत्येकीने मागच्या हंगामाचे दिवस आणि हातात आलेले पैसे वहीत लिहून आणा. भागाकार आपण मिळून करू. रोज किती पडला ते एकदा कळलं, की पुढच्या वेळी “द्या काय द्यायचं ते” म्हणणं जड जाईल.