सांधा

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत, वडशाच्या बाजूला, नाटकांचे मांडव उभे राहू लागतात आणि माणसे रात्रीच्या रात्री तिथे घालवतात. गेल्या वर्षी मात्र अशी एक रात्र मी घरीच, भाच्याच्या संगणकासमोर काढली. निमित्त होते आईच्या आवाजाचे.

१९७४ साली मी एक टेपरेकॉर्डर मागून आणला आणि गावी जाऊन आईला रोवणीची गाणी म्हणायला बसवले. तेव्हा गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा व्हायला १९८२ उजाडले. ऐन गाण्यात स्पूल संपले. दुसरे चढवून मी म्हटले, "माय, मागच्या कडव्यापासून म्हण." तिने म्हटले, आणि एकच कडवे दोन्ही स्पुलांवर आले.

आता हे दोन तुकडे जोडायचे कसे? वाचकहो, हा पेच काही माझ्या एकट्याचा नव्हे. १९३२ साली कोल्हापुरात 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' काढला, त्या काळी बोलपटाचा आवाज फिल्मच्या कडेवर प्रकाशाने उमटवीत. फिल्म जोडली की तो जोड यंत्रातून जाताना धप्प असा आवाज होई. म्हणून जगभरचे बोलपटवाले जोडावर काळा त्रिकोण रंगवीत. त्यामुळे आवाज क्षणभर मावळून पुन्हा हळूच उगवे. पुढे १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात चुंबकीय फितीचे यंत्र आले, आणि कारागिराच्या हाती ब्लेड आले. फीत सरळ कापून जोडली तर 'टक्' ऐकू येते. पंचेचाळीस अंशांत तिरकी कापली तर एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढत जातो. फीत पाव इंच रुंद, माझे यंत्र सेकंदाला पावणेचार इंच चालणारे. म्हणजे ही सारी देवाणघेवाण सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात उरकायची!

मी आधी बाजाराच्या गलबल्याच्या एका फितीवर हात बसवला. जोडाला लावली घरातली साधी चिकटपट्टी. महिन्याभरात तिचा डिंक पाझरून फितीचे वेढे एकमेकांना चिकटले. मग आईच्या फिती जोडायचा धीर झाला नाही. मात्र दुसऱ्या स्पुलाच्या आरंभी ती काहीबाही बोलली होती, ते नको म्हणून मी कापले आणि तो तुकडा अंगणात भिरकावला.

भाच्याकडे 'ऑडॅसिटी' आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅझोनी आणि डॅननबर्ग यांनी रचलेली ही आज्ञावली २००० साली सर्वांना फुकट खुली झाली. त्याने दोन्ही आवाज त्या सामाईक कडव्यावर एकमेकांवर सरकवले. एक सरळ रेषेत उतरवला, दुसरा तसाच चढवला. ऐकतो तो मधोमध आई दोन पावले दूर गेल्यासारखी! कारण उघड आहे. मध्यावर दोन्ही आवाज निम्मे. पण दोन वेळी म्हटलेल्या गाण्याच्या लहरी तंतोतंत जुळत नाहीत, त्यांची शक्ती तेवढी मिळते, आणि ती भरते निम्मीच. मग त्याने उताराला बाक दिला, मध्यावर दोन्ही आवाज सुमारे ७१ टक्क्यांवर ठेवले. सांधा कुठे आहे ते मलाही सांगता येईना.

"आता दुसऱ्या स्पुलाची सुरुवात तेवढी ऐकव," मी म्हटले.

गाण्याआधी तिथे "का रे?" एवढेच उरले आहे. त्याआधीचा प्रश्न अंगणात गेला.

"मामा, हे पुसून टाकू?"

"नको. त्याची वेगळी फाईल कर."