माळवदाचे धुराडे

माळवदाचे धुराडे : सोलापूर जिल्ह्यातील माढ्याकडे पाऊस बेताचा, म्हणून जुन्या घरांना छप्पर मातीचेच, म्हणजे माळवद. तुळयांवर किलचा (लाकडाच्या चिपा), त्यावर पाला, वर पांढरीच्या मातीचा जाड थर. चुलीच्या वर सोडलेल्या धुराड्याला उंच कड असते. ती ढासळली की तिथूनच पाणी मुरते. ही कड सिमेंटने मुळीच बांधू नये. सिमेंट मातीशी एकजीव होत नाही, फटीतून ओल शिरते आणि तुळई कुजते. चुनाच वापरावा. माढ्याच्या रावरंभा निंबाळकरांच्या किल्ल्याइतकीच ही साधी घरेही जपण्याजोगी आहेत, असे आम्हांला वाटते. मात्र असे घर केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांच्या आत असेल, तर १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार डागडुजीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. — संपा.