दोन रुपयांची वाढ

आमची घोटी भाताची. गिरण्यांची धडधड ऐकतच आम्ही मोठे झालो. आवणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडची माणसं मजुरीला यायची. रोज ठरवताना घासाघीस व्हायची. आम्हीही कधी पाच-दहा रुपये तोडायचो. आज ते कबूल केलेलं बरं.

मार्च २०१८ मध्ये तसलीच माणसं मुंबई-आग्रा रस्त्यानं चालत आली. ६ तारखेला नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा कसारा घाट उतरण्याआधी आमच्याकडून गेला. डोक्यावर लाल टोप्या, पायांत तुटक्या चपला. एका म्हातारीला पाणी देत विचारलं, "मावशी, एवढं लांब कशाला?"

"बाबा, तेल-मिठाचा भाव चढला, रोज तिथंच. कसतो ती जमीन बी नावावर नाही."

वनहक्क कायदा झाला २००६ ला. बारा वर्षं होत आली होती.

दहावीच्या पोरांची परीक्षा अडू नये म्हणून ही माणसं मुंबईतून रातोरात चालली आणि १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोचली. सरकारनं लेखी आश्वासन दिलं.

१ एप्रिलपासून रोजगार हमीची मजुरीही वाढली. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच राज्यात रुजलेली ही योजना. २०१ रुपयांचे २०३ झाले. दोन रुपये! त्यात घोटीच्या नाक्यावर कटिंग चहाही येत नव्हता.

तेव्हा मला आम्ही तोडलेले पाच-दहा रुपये आठवले.